पाऊण तासाची ‘टोस्का’

स्कार्पिया जेवायला बसला आहे. हा रोमचा पोलीसप्रमुख. टेबलावर मेणबत्त्या, वाइन, ताटं, सुरी. खाली राणीच्या दरबारात विजयाचा सोहळा चालला आहे आणि उघड्या खिडकीतून तिथलं गाणं वर येतं. आधी समूहाचा भरीव आवाज, मग त्याच्यावरून तरंगत जाणारा एका बाईचा आवाज. खोलीत एक चित्रकार पकडून आणलेला आहे. पळालेल्या कैद्याला कुठे लपवलंस, हा एकच प्रश्न त्याला फिरवून फिरवून विचारला जातो. खालून येणारा आवाज त्याच्या प्रेयसीचा आहे. गाणं चढत जातं, प्रश्नांना धार येत जाते आणि शेवटी वैतागलेला स्कार्पिया उठून खिडकी लावून टाकतो. गाणं जिथल्या तिथे तुटतं.

ऑपेरा म्हणजे काय हे मला कळायला लागलं ते या खिडकीपाशी. तोवर माझी समजूत अशी होती की ऑपेरात माणसं बोलायच्या ऐवजी गातात. तेवढं मान्य केलं की बाकी सगळं नाटकच. खिडकी लागली आणि लक्षात आलं, इथे संगीत हेच एक पात्र आहे. ते बाहेरून आत येतं, दोघांच्या बोलण्यात घुसतं, एकाला धीर देतं, दुसऱ्याला छळतं, आणि नको झालं की त्याला बाहेर काढावं लागतं.

हे दृश्य जाकोमो पुच्चिनी या इटालियन संगीतकाराच्या ‘टोस्का’ या ऑपेराच्या दुसऱ्या अंकातलं. मी ज्या चित्रणाबद्दल लिहिते आहे ते ९ फेब्रुवारी १९६४ रोजी ब्रिटनमध्ये टीव्हीवर दाखवलं गेलं. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधल्या रॉयल ऑपेरा हाऊसचा रंगमंच, समोर प्रेक्षक, रंगमंचापुढच्या खड्ड्यात ऑर्केस्ट्रा, म्हणजे वाद्यवृंद. टोस्काच्या भूमिकेत विख्यात गायिका मारिया कॅलस, स्कार्पिया म्हणजे तितो गोब्बी, चित्रकार काव्हारादोस्सी म्हणजे रेनातो चोनी. दिग्दर्शक फ्रांको झेफिरेल्ली आणि ऑर्केस्ट्राचे संचालक कार्लो फेलिचे चिलारियो. प्रयोग तीन अंकी, पण टीव्हीवर आला तो फक्त दुसरा अंक, कारण ‘गोल्डन अवर’ नावाच्या करमणुकीच्या कार्यक्रमात एवढाच बसणार होता. चित्र काळं-पांढरं. त्या काळचा ब्रिटिश टीव्ही ४०५ ओळींचा, म्हणजे आजच्या मोबाइलवरच्या साध्या व्हिडिओपेक्षाही धूसर. कॅलसने या अंकात लाल मखमलीचा झगा घातला होता. पडद्यावर तो काळोखासारखा दिसतो.

ऑपेरा कधीच न पाहिलेल्या माणसाने कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं, तर मी हाच पाऊण तास सांगते. एक खोली, एक रात्र, एक सौदा, एक खून. गोष्ट समजायला काही कठीण नाही. कठीण वाटतं ते ऐकणं. म्हणून इथे जास्त बोलणार आहे ते ऐकण्याबद्दल.

आईला दाखवलं तेव्हा ती दहा मिनिटं शांत बसली आणि मग म्हणाली, “अगं, पण पद कधी सुरू होणार?” तिचं लहानपण नाट्यसंगीताच्या तबकड्यांवर गेलेलं, त्यामुळे तिचा प्रश्न अगदी नेमका होता. संगीत नाटकात गद्य चालू असतं, मग पेटीवर सूर धरला जातो, नट पुढे येतो, पद सुरू होतं. गोष्ट तिथे थांबते आणि गाणं फुलतं. रंगलं तर वन्स मोअर. जुन्या इटालियन ऑपेराची घडणही याच्या बरीच जवळची होती. रॉसिनी, बेल्लिनी, डोनिझेट्टी यांच्या ऑपेरांत कथा पुढे सरकते ती बोलण्याच्या चालीवर गायलेल्या संवादांतून. त्याला रेचितातिव्हो म्हणतात. मग एखाद्या भावनेपाशी थांबून गायलेलं पूर्ण, घडीव गाणं येतं. ते आरिया. आरिया संपली की टाळ्या, आणि पुन्हा संवाद.

त्यांच्यानंतरच्या व्हर्डीने उतारवयातल्या ऑपेरांत ही भिंत पातळ करत आणली. पुच्चिनीपर्यंत ती जवळपास पडलीच. ‘टोस्का’त संवाद कुठे संपतो आणि गाणं कुठे सुरू होतं हे बोट ठेवून दाखवणं अवघड जातं. दारावर टकटक, एखादा हुकूम, किंकाळी, पेनाने कागदावर लिहिणं, सगळं एका सलग संगीतात बांधलेलं. दुसऱ्या अंकात टाळ्यांना खरी जागा एकच आहे. आईला मी म्हटलं, तुझं पद येतंय, पण त्याला अजून बराच वेळ आहे.

तोवर ऐकायचं काय? ऑर्केस्ट्रा. गाणारी पात्रं खोटं बोलू शकतात, ऑर्केस्ट्रा बोलत नाही. स्कार्पिया अतिशय अदबीने टोस्काला बसायला सांगत असतो तेव्हाही खड्ड्यातली वाद्यं त्याच्या मनात काय शिजतंय ते सांगत असतात.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे स्कार्पियाची खूण. हा ऑपेरा पडदा उघडण्याआधीच तीन प्रचंड कॉर्डनी सुरू होतो. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे अनेक सूर. आपल्याकडे सूर एकामागून एक येतो आणि राग उभा राहतो. युरोपात सूर एकावर एक रचले जातात आणि त्या रचनेतून अर्थ निघतो. घरात पेटी असेल तर वाजवूनच पाहा. काळी पाच सा धरा आणि तिच्यावरचा शुद्ध गंधार आणि पंचम एकत्र दाबा. मग काळी चार सा समजून तेच करा. मग खाली पांढरी तीन. सुटा ऐकला तर यातला प्रत्येक कॉर्ड भरलेला, उजळ, जवळपास उत्सवी वाटतो. एकापाठोपाठ वाजवले की अंगावर काटा येतो. कारण काळी पाचला सा मानलं तर खालचा सूर सा वरून कोमल निषादावर आणि तिथून थेट तीव्र मध्यमावर उतरतो, आणि सा–तीव्र मध्यम हे अंतर पाश्चात्त्य कानालाही आपल्याइतकंच अस्वस्थ करतं. सत्तेचा थाट आणि पायाखाली सरकणारी जमीन, दोन्ही त्या तीन ठोक्यांत. स्कार्पिया पहिल्या अंकात बराच उशिरा येतो, पण हे तीन कॉर्ड ऐकले की तो माणूस नजरेसमोर नसतानाही हजर असतो. अशा खुणेच्या सुरावटीला ‘मोटिफ’ म्हणतात. एकदा कान सरावला की ती दुसऱ्या अंकातही सापडत राहते, कधी उघड, कधी इतर स्वरांच्या आत दडलेली.

आता गोष्ट. काळ जून १८००. रोममध्ये फ्रेंचांच्या पाठिंब्याने उभं राहिलेलं प्रजासत्ताक कोसळलं आहे, नेपल्सच्या राजघराण्याचा अंमल आहे आणि प्रजासत्ताकाच्या माणसांची धरपकड चालू आहे. आंजेलोत्ती हा त्यांच्यातला एक तुरुंगातून पळतो. चित्रकार काव्हारादोस्सी त्याला आपल्या बागेतल्या विहिरीत लपवतो. काव्हारादोस्सीवर जीव असलेली टोस्का रोमची नावाजलेली गायिका आहे. भाविक, हळवी आणि संशयी. स्कार्पियाला दोन गोष्टी हव्या आहेत: आंजेलोत्ती आणि टोस्का.

उत्तर इटलीत मारेंगोला १४ जून १८०० रोजी नेपोलियन आणि ऑस्ट्रियाचा सेनापती मेलास यांच्यात खरोखर लढाई झाली. दुपारपर्यंत ऑस्ट्रियाचं पारडं जड होतं आणि विजयाच्या बातम्या निघाल्याही. मग फ्रेंच सेनापती देसे आपलं सैन्य घेऊन परतला, तो स्वतः त्यात मारला गेला, पण संध्याकाळपर्यंत लढाई फिरली. पहिली बातमी आधी पोचली आणि दुसरी मागून. ऑपेराचा दुसरा अंक नेमका या दोन बातम्यांच्या मधल्या फटीत घडतो. खिडकीतून येणारं ते विजयगीत अशा विजयाचं आहे जो गाणं सुरू होण्याआधीच पराभव झालेला आहे. गाणाऱ्यांना ते ठाऊक नाही, ऐकणाऱ्या स्कार्पियालाही नाही. हे कळल्यावर मी तो भाग पुन्हा ऐकला तेव्हा तो समूहस्वर वेगळाच वाटला.

ही कथा मुळात फ्रेंच नाटककार विक्तोरिएं सार्दूची. १८८७ सालचं त्याचं नाटक सारा बेर्नार या अभिनेत्रीसाठी लिहिलेलं. पुच्चिनीसाठी लुइजी इल्लिका आणि जुझेप्पे जाकोजा यांनी ते कापून-छाटून ऑपेराची संहिता केली. पहिला प्रयोग १४ जानेवारी १९०० रोजी रोमलाच झाला. तीनही अंकांच्या जागा (एक चर्च, एक राजवाडा, एक किल्ला) आजही त्या शहरात उभ्या आहेत. दुसऱ्या अंकातल्या फार्नेसे राजवाड्यात आज फ्रान्सची वकिलात आहे.

चित्रणाकडे परत येते, कारण पुढचा भाग पाहण्यासारखा आहे. टोस्का सोहळ्यातून वर येते. काव्हारादोस्सीला शेजारच्या खोलीत नेतात. स्कार्पिया तिच्याशी गप्पा मारल्यासारखं बोलतो आणि मग शांतपणे सांगतो की दाराआड त्याचा छळ चालला आहे. आपल्याला छळ दिसत नाही, आवाज येतो. या अंकाची सगळी करामत दारं-खिडक्यांत आहे: आधी बाहेरचं सुंदर गाणं आत येत होतं, आता आतल्या खोलीतली किंकाळी बाहेर येते. ऑर्केस्ट्रा पायरी पायरीने वर चढत राहतो, मळसूत्र आवळावं तसा. कॅलस दाराकडे धावते, परत येते, विनवते, ओरडते. शेवटी विहिरीचं गुपित ती सांगून टाकते.

इतक्यात दुसरी बातमी येते: बोनापार्ट जिंकला. रक्ताळलेला काव्हारादोस्सी उठून ‘विजय! विजय!’ असं वरच्या सुरात गातो आणि स्वतःची फाशी पक्की करून घेतो. त्याला ओढून नेतात. खोलीत दोघंच उरतात.

मग येतो माझा या चित्रणातला सर्वांत आवडता शब्द: “क्वांतो?” म्हणजे “किती?” टोस्काला वाटतं हा लाच मागतो आहे. ती त्याच्यासमोर बसते, त्याच्या डोळ्यांत बघते आणि विचारते, किती? त्याला समजत नाही असं तो दाखवतो, तेव्हा पुढचा शब्द: किंमत! संगीताच्या दृष्टीने इथे जवळपास काहीच नाही. दोन-चार सूर, बोलण्याच्या पट्टीतले. पण कॅलसने त्या एका शब्दात भाजीवालीशी घासाघीस करणाऱ्या बाईचा रोखठोकपणा आणि समोरच्या माणसाची किळस एकत्र आणली आहे. गोब्बी हसतो. ते हसू मोठमोठ्याने खलनायकी नाही. आवडती थाळी समोर आल्यावर माणूस खुलतो तसं ते आहे, आणि त्यामुळे जास्त भीती वाटते. पैसा नको, तू हवीस.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण नवख्या माणसाला ती खटकते: हे लोक एवढ्या मोठ्याने का गातात? ऑपेरात मायक्रोफोन नसतो. कॉव्हेंट गार्डनला दोन हजारांहून जास्त प्रेक्षक बसतात, मध्ये पूर्ण ऑर्केस्ट्रा, आणि शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या गळ्याने पोचायचं. यात निव्वळ ताकद कामाची नाही; ऐंशी वादकांशी ताकदीने कोण जिंकणार? युक्ती आवाजाच्या पोतात आहे. ऑर्केस्ट्राच्या ध्वनीचा जोर खालच्या पट्ट्यात, साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असतो. तालीम घेतलेला ऑपेरा गायक घसा आणि तोंडाची पोकळी अशी घडवतो की त्याच्या आवाजात ३,००० हर्ट्झच्या जवळपास एक जादा धार तयार होते. तिथे ऑर्केस्ट्रा विरळ असतो आणि माणसाचा कान फार तीक्ष्ण. त्या फटीतून आवाज निसटून पुढे येतो. पहिल्यांदा ऐकताना जी कर्कशता किंवा धातूसारखी चकाकी जाणवते ती बहुतेक हीच. नाट्यगृहात लांब बसलेल्याला तिच्यामुळेच सूर ऐकू येतो; टीव्हीने मात्र आपल्याला गायकाच्या हनुवटीपाशी नेऊन बसवलेलं असतं, म्हणून ती अंगावर येते.

आईचं पद आलं. ‘व्हिस्सी दार्ते’. मी कलेसाठी जगले, प्रेमासाठी जगले, कुणा जिवाला दुखावलं नाही. देवा, मग मला हे फळ का? बाहेर वधस्तंभाकडे जाणाऱ्यांसोबतचे ढोल वाजून गेले आहेत, प्रियकराच्या हाती थोडाच वेळ उरला आहे, आणि त्या क्षणी ऑपेरा थांबतो. तीनेक मिनिटं फक्त ही प्रार्थना. स्कार्पिया तिथेच आहे, पण ती त्याच्याशी बोलत नाही. हे गाणं कथेची गती अडवतं असं स्वतः पुच्चिनीलाही वाटत असे म्हणतात. मला ते पटत नाही. पंचवीस मिनिटं ऑर्केस्ट्राने आपल्याला फरफटत नेलेलं असतं. इथे प्रथमच टोस्का स्वतःच्या सुरात काही म्हणते, आणि ऑर्केस्ट्रा तिच्यामागून चालतो.

कॅलसचा आवाज १९६४ साली उतरणीला लागला होता. वरच्या सुरावर तो हलतो, ताणला जातो, आणि हे ऐकू येतं. तिचा ऐन भरातला आवाज हवा असेल तर १९५३ सालचं मिलानच्या ला स्कालातलं ध्वनिमुद्रण आहे. संचालक व्हिक्तोर दे साबाता, स्कार्पिया पुन्हा गोब्बीच. नुसत्या कानांसाठी त्याहून सरस ‘टोस्का’ सापडणं कठीण. तरी मी १९६४ची फीत पुन्हा पुन्हा लावते. त्या हलणाऱ्या सुरात थकलेली, कोपऱ्यात सापडलेली बाई दिसते. गळा तडकतोय आणि वाक्य मात्र सुटत नाही. प्रत्येक शब्द कुठे टेकवायचा आणि श्वास कुठे घ्यायचा हे तिला पक्कं माहीत आहे. आमच्या आईने डोळे मिटून ऐकलं आणि संपल्यावर एवढंच म्हणाली, “शब्द कळले नाहीत, मागणं कळलं.”

आता सुरी. स्कार्पिया तिला सांगतो की काव्हारादोस्सीला देहदंड गोळ्या झाडून दिला जाईल, पण खोटा, बंदुकीत नुसती दारू. (त्यातही तो फसवतोच आहे, आपल्या माणसाला दिलेल्या इशाऱ्यातून ते सूचित होतं.) टोस्का शहर सोडून जाण्याचा परवाना मागते. तो लिहायला बसतो. या वेळी कुणीच गात नाही. तंतुवाद्यांवर एक संथ, जड धून सुरू होते. टोस्का टेबलाशी येते, वाइनचा पेला उचलते, आणि तिची नजर सुरीवर पडते.

हे बघताना एक प्रयोग करा: एकदा आवाज बंद करून पाहा, मग एकदा डोळे मिटून ऐका. आवाज बंद असताना एक बाई टेबलाशी थबकलेली दिसते. डोळे मिटल्यावर एक दुःखी सुरावट ऐकू येते, पुन्हा पुन्हा तिथेच परतणारी, जणू एखादा विचार डोक्यातून हटत नाही. दोन्ही एकत्र केलं की खून ठरताना दिसतो. संहितेत या क्षणी टोस्काच्या तोंडी एकही शब्द नाही. तो निर्णय पुच्चिनीने व्हायोलिनांना दिला आहे, आणि कॅलस त्या व्हायोलिनांचं ऐकत उभी आहे. हातवारे कसे करायचे हे शोधायचं असेल तर संगीत ऐक, रचनाकाराने ते आधीच लिहून ठेवलेलं असतं, अशी शिकवण तुल्लिओ सेराफिन या जुन्या संचालकांकडून मिळाल्याचं ती सांगत असे. तिची दृष्टी फार अधू होती; रंगमंचावरून खड्ड्यातला संचालकही तिला नीट दिसत नसे. म्हणजे इशाऱ्यावर चालायची सोयच नव्हती. सगळं कानाने, सगळं पाठ.

आणि इथेच टीव्हीचं काम लक्षात येतं. ऑपेरा हा मुळात लांबून पाहायचा प्रकार. हावभाव गॅलरीपर्यंत पोचावेत म्हणून मोठे करायचे. कॅमेरा जवळ गेला की बहुतेक गायक उघडे पडतात, कारण त्यांचा चेहरा पुढचा सूर घेण्याच्या तयारीत असतो. कॅलस आणि गोब्बी यांचे चेहरे जवळून बघवतात. गोब्बीची नजर बोलताना एकीकडे आणि हेतू दुसरीकडे असतो. कॅलस गात नसते तेव्हाही ऐकत असते. गोब्बीने आपल्या आठवणींत एक प्रसंग सांगितला आहे. तालमीत मागे सरताना तिचे केस मेणबत्तीला लागून पेटले. त्याने भूमिका न सोडता तिच्यावर झडप घालून मिठीत घेतल्यासारखं करत ती आग विझवली, आणि तीही भूमिका न सोडता हळूच ‘ग्रात्सिए, तितो’ (आभार, तितो) म्हणाली. दोघांमधला हा विश्वास पडद्यावर दिसतो. इतकं निर्दय दृश्य दोन परके लोक इतक्या जवळून करू शकणार नाहीत.

झेफिरेल्लीचा हा प्रयोग पुढे कॉव्हेंट गार्डनने चाळीसेक वर्षं चालवला, टोस्का बदलत गेल्या. कॅलस मात्र ऑपेराच्या रंगमंचावर शेवटची उभी राहिली ती याच प्रयोगात, ५ जुलै १९६५ रोजी. ठरलेल्या चार प्रयोगांपैकी तिला एकच झेपला. तेव्हा ती ४१ वर्षांची होती. तिचा एकही ऑपेरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रित झालेला उपलब्ध नाही. अमेरिकन टीव्हीवरचा १९५६चा छोटा तुकडा, १९५८ सालची पॅरिसची रात्र आणि हा लंडनचा अंक. योगायोग असा की तिन्हीकडे ‘टोस्का’चा दुसराच अंक आहे. लाखो लोकांनी ध्वनिमुद्रिकांवर ऐकलेल्या या बाईला नाटक करताना पाहायचं तर याच एका खोलीत यावं लागतं.

टीव्ही आणि ‘टोस्का’ यांची गाठ पुढेही पडत राहिली. ११ आणि १२ जुलै १९९२ रोजी हा ऑपेरा रोममधल्या खऱ्या जागांवर, कथेतल्या खऱ्या वेळांना, थेट प्रक्षेपणात सादर झाला: चर्च दुपारी, राजवाडा रात्री, किल्ल्याची गच्ची पहाटे. गायक त्या त्या ठिकाणी आणि ऑर्केस्ट्रा शहरात दुसरीकडेच. त्या ऑर्केस्ट्राचे संचालक होते मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. गायकांपासून दूर उभं राहून सूर आणि क्षण जुळवणं किती अवघड असेल, हे मैफलीत साथ केलेल्या कुणालाही सांगायची गरज नाही. चित्र देखणं आहे, रंग सुंदर आहेत. तरी दुसऱ्या अंकासाठी माझं मन त्या धूसर काळ्या-पांढऱ्या फितीकडेच वळतं.

परवाना लिहून होतो. स्कार्पिया हात पसरून तिच्याकडे येतो आणि ती सुरी खुपसते. हे टोस्काचं चुंबन, असं म्हणत. तो घुसमटतो, मदत मागतो, कोसळतो. ती त्याच्यावर वाकून, मर, मर, असं म्हणत राहते. मग शांतता. ती हात पुसते, परवाना शोधते. तो टेबलावर नसतो, मेलेल्या माणसाच्या मुठीत असतो. तो तिथून ओढून काढते. आणि मग ते वाक्य: याच्यापुढे सारं रोम थरथरत होतं. पुच्चिनीने ते जवळजवळ सगळं एकाच सुरावर लिहिलं आहे, चाल नाही, हरकत नाही. कॅलस ते गाणं आणि बोलणं यांच्या मधल्या पातळीवर ठेवते, आवाज खाली उतरवून, स्वतःशीच आश्चर्य करावं तसं.

यानंतर अंक संपेपर्यंत ती काहीच गात नाही. ती हात पुसते, परवाना शोधते. तो टेबलावर नसतो, मेलेल्या माणसाच्या मुठीत असतो. तो तिथून ओढून काढते. निघते. दाराशी थांबते. ज्याला मारलं त्याला असंच टाकून जाणं तिच्यातल्या भाविक बाईला जमत नाही. परत येते, दोन मेणबत्त्या आणून त्याच्या दोन्ही बाजूंना ठेवते, भिंतीवरचा क्रूस काढून त्याच्या छातीवर ठेवते. ऑर्केस्ट्रात स्कार्पियाचे ते तीन कॉर्ड पुन्हा येतात, पण आता इतके हलके की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ओळखूही येऊ नयेत. दुरून ढोलाचा आवाज येतो. ती दचकते, झग्याचा घोळ सावरते आणि दाराबाहेर निघून जाते. खोलीत जमिनीवरच्या दोन ज्योती तेवढ्या हलत राहतात.